आधी पाणी द्यायचं

आमच्याकडं मरणाची बातमी उभ्या माणसाला सांगत नाहीत. आधी त्याला खाली बसवायचं, पाण्याचा तांब्या पुढं करायचा, दोन घोट पोटात गेले की मग तोंड उघडायचं. कोरड्या घशानं असलं काही ऐकलं तर माणूस जागच्या जागी कोसळतो, असं जुनी माणसं सांगत, आणि ते खोटं नाही. मी एसटीत कंडक्टर होतो. घरोघरी फोन नव्हते त्या काळात लोक मरणाचा निरोपही आमच्याच गाडीतून धाडायचे. सेनगावच्या स्टँडवर कुणीतरी धापा टाकत खिडकीपाशी यायचं आणि म्हणायचं, "साहेब, तेवढं फाट्यावर सांगा, म्हातारी गेली म्हनावं." मग फाट्यावर गाडी थांबवून त्या घरचं माणूस हुडकायचं, टपरीच्या बाकड्यावर बसवायचं, पाणी द्यायचं आणि सांगायचं. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचा, गाडीतले लोक कुरकुरायचे. नवा होतो तेव्हा एका धडधाकट गड्याला मी घाईघाईत गाडीच्या दारातूनच ओरडून सांगितलं, तर तो टपरीच्या चुलीवर पडता पडता वाचला. त्यानंतर मात्र पाण्याशिवाय कधी बोललो नाही.

एवढं पाल्हाळ लावायचं कारण असं की, मागच्या उन्हाळ्यात माझ्या नातवाला त्याची आई मेल्याचं सांगायचं काम माझ्यावर आलं. नोकरीत असलं काम कितीदा तरी केलेला माणूस म्हणून सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मीही म्हणालो, सांगतो, त्यात काय.

त्याची आई म्हणजे माझी एकुलती एक लेक. पोटात गाठ निघाली, नांदेडच्या डॉक्टरनं मुंबईला न्या म्हणून सांगितलं, जावयानं नेलं. दोन्ही लेकरं आमच्याकडं कुरुंद्याला आणून सोडली. मोठी नात सहावीत, धाकटा नातू पहिलीत. दोघांची नावं गावच्या शाळेत घातली आणि थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत राहिलो. हिवाळ्यात ती गेली. ॲम्ब्युलन्सनं तिला जावयाच्या गावी आणलं, सेनगावच्या पुढं. आम्ही जायला निघालो तेव्हा मोठीला बरोबर घेतलं, कारण ती सगळं समजून चुकली होती. धाकट्याला शेजारणीकडं ठेवलं आणि सांगितलं, आम्ही लग्नाला जातोय.

तिथून खोट्याला जी सुरुवात झाली ती काही थांबेना. जलदानाचा विधी होऊ दे, मग सांगू. विधी झाला. भंतेजींनी सूत्रं म्हटली, पात्रातलं पाणी धारेनं खालच्या ताटात पडत होतं आणि मोठी माझ्या मांडीला मांडी लावून त्या धारेकडं टक लावून बघत होती. त्यानंतर धाकट्याला ताप आला, तो उतरू दे, मग सांगू. मग परीक्षा होऊ दे. आमच्या घरातलीचं म्हणणं असं की, लेकरू खातंय, पितंय, खेळतंय, मग त्याच्या तोंडचा घास काढायची घाई काय आहे? "मम्मी मुंबईला हाये, डॉक्टरनं बोलायला मनाई केली," हे आमचं ठरलेलं उत्तर. शेजारीपाजारी, दुकानदार, शाळेतल्या बाई, सगळे त्याच्यासमोर तेच बोलायचे. अख्खं गाव एका सहा वर्षांच्या पोराला बनवत होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण पुण्यच करतोय.

मोठीला तर, त्याला सांगायचं नाही म्हणून आम्ही दमच भरला होता. ती आमच्याशी बोलायची कमी झाली. रात्री धाकटा तिला मुंबईबद्दल विचारायचा आणि ती भिंतीकडं तोंड करून पडायची. मला ते दिसत होतं. मी बाहेर ओट्यावर जाऊन उगीच विडी शोधायचो, सोडून कैक वर्षं झालेली असताना.

त्या काळात धाकट्याचा पुढचा दात पडला. आमच्यात पडलेला दात घराच्या पत्र्यावर फेकतात. हा फेकू देईना. मम्मीला दाखवायचा म्हणून त्यानं तो काडेपेटीत ठेवला आणि काडेपेटी उशीखाली घेऊन झोपू लागला.

मे महिन्यात जावयाचा फोन आला. आधी लेकरांची चौकशी केली, मग ऊन किती आहे ते विचारलं, आणि मी ओळखलं की पुढं काहीतरी आहे.

"मामा, घरचे लई मागं लागलेत," तो म्हणाला. "एक ठिकाण आलंय. बाई चांगली हाये. कोर्टात साधंच करायचं हाये. लेकरांचं कोन बघल म्हनून…"

"कर की," मी म्हणालो. "आमी काय न्हाई म्हनून राहिलो का?"

"पन धाकट्याला अजून म्हाईत न्हाई, मामा. मी रविवारी न्यायला येतो. त्याच्या आत तुमी सांगा. मला न्हाई जमायचं. तुमच्या तोंडून ऐकल तो."

राग आला. जावयाचा नव्हे, त्याचं वय काय अन् त्याचे हाल काय, हे मला दिसत होतं. राग आला तो असा की, ज्या घरात लेकीचे कपडे अजून कपाटात आहेत त्या घरात दुसरी येणार आणि त्या पोराला दारात उभं करून 'ही तुझी मम्मी' म्हणणार. आणि ते पोर आपल्या मम्मीबद्दल विचारणार. काहीही झालं तरी रविवारच्या आत त्याला कळायला हवं होतं.

"घरात नका सांगू," आमच्या घरातली म्हणाली. "भिंतीला कान हायेत इथं. बाया गोळा होतील अन् गळा काढतील, लेकरू घाबरून जाईल. कुटं तरी बाहेर न्या, जरा खेळू द्या, अन् मंग सांगा."

धाकट्यानं तर एकच घोषा लावला होता, समुद्र बघायचा. मुंबईला समुद्र आहे, मम्मी मुंबईला आहे, म्हणजे समुद्र दिसला की मम्मी जवळ आली, असा त्याचा हिशोब. समुद्राचं वेड त्याला तिनंच लावलं होतं. ती लहान असताना डिसेंबरात दादरला जायचो तेव्हा मी तिला खांद्यावर घेऊन गर्दीतून समुद्र दाखवला होता. तेवढाच तिनं पाहिलेला समुद्र, पण लेकरांना झोपवताना ती त्याच्या गोष्टी रचून रचून सांगायची. त्या सगळ्या गोष्टींतल्या दोन खुणा धाकट्याला पाठ होत्या. पाणी खारट असतं, आणि पलीकडचा काठ दिसत नाही.

शनिवारी सकाळी मी त्याला म्हणालो, "चल, समुद्र दाखवतो," आणि आम्ही चौघं सिद्धेश्वरच्या धरणावर निघालो.

औंढ्यापर्यंत एसटी. कंडक्टर नवा पोरगा होता, पैसे मोजताना बोटं चाटत होता, दार नीट लागलंय का तेही बघत नव्हता. एरवी मी त्याला दोन गोष्टी शिकवल्याशिवाय राहिलो नसतो. त्या दिवशी तिकिटं घेऊन खिशात टाकली. धाकटा खिडकीपाशी, मुठीत काडेपेटी. वाटेतल्या माणसामाणसाला तो सांगत होता, "आमी समुद्राला चाललो." माणसं हसत होती. मोठी मागच्या सीटवर एकटी बसली होती.

औंढ्याच्या स्टँडवर मी त्याला बाकावर बसवलं आणि पाण्याची बाटली दिली. तो प्याला. मी त्याच्यासमोर गुडघ्यावर बसलो, घसा साफ केला. तो म्हणाला, "आबा, भूक लागली." मी उठून त्याला बिस्किटाचा पुडा आणून दिला.

पुढं काळी-पिवळी जीपनं धरणाच्या मागच्या अंगाला उतरलो. मे महिन्यात त्या पाण्याची काय दशा असते ते आमच्या भागातल्या कुणाला सांगायला नको. पाणी पार आत ओढलं गेलेलं, मोकळ्या पडलेल्या गाळाच्या जमिनीला हात हात भेगा. जिथं ओल टिकून होती तिथं लोकांनी टरबूज-काकडीच्या वाड्या लावल्या होत्या, मधे मधे राखणीच्या खोपी. वर ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. पण झळांनी सगळं धुरकट झालं होतं, आणि त्यामुळं पलीकडचा काठ खरंच दिसत नव्हता. पाणी जात जात आभाळातच मिसळल्यासारखं वाटत होतं.

धाकटा काठावर उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून पलीकडं बघू लागला. मग म्हणाला, "पलीकडं मुंबई हाये?"

"व्हय," मी म्हणालो. "लांब हाये."

एक खूण जुळली होती. दुसरी तपासायला तो एका खडकाळ जागेवरून खाली उतरला, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. त्याचा चेहरा पडला. "आबा, खारट न्हाई लागत."

मी काही बोलायच्या आत आमच्या घरातली पुढं झाली. काकडीला लावायला आणलेली मिठाची पुडी तिच्या कमरेला होती. ती म्हणाली, "काठाचं पानी तसंच ऱ्हातंय. जरा आतलं देते थांब." आणि पितळी तांब्या घेऊन पाण्यात घोट्याइतकी गेली, आमच्याकडं पाठ केली, वाकली. तिच्या कोपराखालून पुडीतली चिमूट तांब्यात पडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मोठीनंही पाहिली. तांब्या ढवळत ती परत आली आणि त्याच्या तोंडाला लावला.

"लागतंय का आता?"

धाकट्यानं ओठ चाटले. तिच्या तोंडाकडं पाहिलं. "व्हय," म्हणाला. "खारट हाये."

आमच्या घरातली हसली, आणि मग तिकडं तोंड करून पदर डोळ्यांना लावला. मी तिच्यावर चिडलो नाही. बेचाळीस अंशांच्या उन्हात नातवासाठी समुद्र करणाऱ्या बाईवर काय चिडायचं? मीच त्याला समुद्र म्हणून इथं आणलं होतं.

बाभळीच्या पातळ सावलीत आम्ही बसलो. भाकरी, ठेचा, कांदा, काकडी. शेजारच्या वाडीचा राखणदार खोपीतल्या बाजेवरून उठून आला आणि एक टरबूज ठेवून गेला. धाकट्यानं पोटभर खाल्लं. त्याच्या हनुवटीवरून लाल पाणी ओघळत होतं. आता सांगावं म्हणून मी त्याला जवळ बसवलं आणि पाणी दिलं. तो प्याला. मी म्हणालो, "बाळा, मम्मीचं काय झालं म्हाईत हाये का…" तो वर बघायला लागला. टरबुजाची एक बी त्याच्या गालाला चिकटली होती. मी ती काढली, आणि पुढचं वाक्य कुठं गेलं कुणास ठाऊक. थोड्या वेळानं पुन्हा पाणी दिलं. पुन्हा तेच.

तिसऱ्यांदा बाटली पुढं केली तेव्हा तो वैतागला. "आबा, मला सारखं पानी काहून पाजून राहिले तुमी? पोट फुटल माझं."

आमच्या घरातलीला हसू फुटलं, मलाही. मोठी मात्र ताडकन उठली. "सांगा ना आता," ती दातओठ खाऊन म्हणाली. "कधी सांगणार? पप्पा उद्या येणार आहेत."

"काय सांगनार?" धाकट्यानं विचारलं.

"काय न्हाई," आजी म्हणाली. "जा, खेळ जा."

तो गेला. मोठी माझ्याकडं बघत उभी राहिली. सहावीतल्या पोरीच्या डोळ्यांत आपल्याबद्दल तसलं काही दिसू नये. मी म्हणालो, "जेवन पचू दे. निघायच्या आधी सांगतो." खरं सांगायचं तर मला तिथून पळून जायचं होतं. फाट्यावरची माणसं दुसऱ्याची होती. त्यांना सांगून मी गाडीत चढायचो, घंटी मारायचो, आणि पुढच्या स्टॉपपर्यंत विसरायचो. इथं गाडी नव्हती. आणि ज्या मरणाची बातमी द्यायची होती ते माझ्याच लेकीचं होतं. ते वाक्य मी स्वतःलासुद्धा तोंडानं कधी ऐकवलं नव्हतं.

दुपार कलली आणि वारं सुटलं. वाऱ्यानं झळा विरल्या आणि बघता बघता पलीकडचा काठ दिसू लागला. तिकडंही तशीच गाळाची जमीन, तशाच वाड्या, आणि एका वाडीत लाल लुगड्यातली कुणी बाई, बोटाएवढी.

धाकट्याला ती आमच्या आधी दिसली. तो जागेवरच उड्या मारायला लागला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, "मम्मेऽऽ!"

पाण्यावरून आवाज लांब जातो. बाईनं ऐकलं असेल, किंवा पाखरं हाकलत असेल, किंवा तिच्या माणसाला बोलावत असेल. तिनं हात वर केला आणि हलवला.

"मम्मे, माझा दात पडलाऽऽ!" काडेपेटी डोक्यावर धरून तो ओरडला, आणि पळत सुटला.

खडकाळ जागा सोडून तो सरळ तिच्या रोखानं धावला, आणि तिथं गाळ होता. वरून वाळलेला, पापडासारखा कडक, खाली मऊ. आमच्या भागात उन्हाळ्यात पाण्यावर आलेली जनावरं त्यात रुततात आणि मालकाच्या डोळ्यांसमोर मरतात. मी ओरडलो. तो थांबला नाही. पाच-दहा पावलं त्याचं हलकं अंग त्या पापडानं पेललं, मग एक पाय मांडीपर्यंत आत गेला, मग दुसरा. तरी तो पुढंच वाकत होता, हात तिकडं करून.

मी उठेपर्यंत मोठी निघालीही होती. माझे गुडघे म्हणजे नोकरीनं दिलेली पेन्शन, वाकले की लवकर सरळ होत नाहीत. ती गाळात शिरली, कमरेपर्यंत रुतली, आणि मागून त्याला कवेत धरलं. तो तिला ढकलत होता, बोचकारत होता. "सोड, मम्मी हाये तिथं! मम्मीनं हात केला! सोड!"

"ती मम्मी नाही!"

"हाये! मुंबई हाये ती!"

"मम्मी मेली!" मोठी किंचाळली. "मम्मी मेली, कळलं का! कधीच मेली! मी बघितली तिला! सगळे खोटं बोलतात तुझ्याशी! मेली ती!"

आमच्या घरातलीनं कानावर हात ठेवले. मी काठावर उभा होतो, हातात पाण्याची बाटली होती.

राखणदार धावत आला. त्यानं खोपीतली बाज डोक्यावर आणली होती. "उभं राहू नका, पोटावर पडा, पोटावर!" तो ओरडत होता. बाज त्यानं गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडून सरकत गेला आणि आधी धाकट्याला ओढून काढलं, मग मोठीला. दोघं सुंभाच्या त्या बाजेवरून सरपटत काठावर आली. गळ्यापर्यंत चिखल. मोठीचा दम तुटला होता, तरी तिनं भावाचा हात सोडला नव्हता.

धाकटा रडत नव्हता. त्यानं पलीकडं पाहिलं. बाई खाली वाकून वेल उचलत होती. त्यानं मुठीकडं पाहिलं. काडेपेटी गाळात गेली होती.

राखणदारानं खोपीतून माठातलं पाणी आणलं, दोघांची तोंडं धुतली, धाकट्याला एक पेला दिला. तो घटाघटा प्याला. "कोन वारलं जी?" राखणदारानं मला हळूच विचारलं.

"माझी पोरगी," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत तोंडानं ते पहिल्यांदा बाहेर पडलं, ते एका अनोळखी माणसापुढं. मी तिथंच फतकल मारून बसलो आणि रडलो. नातवंडांसमोर रडू नये म्हणतात. मला नाही आवरलं.

परतीच्या एसटीत चिखल वाळून दोघांच्या अंगाला खपली धरली होती. लोक बघत होते. यावेळी धाकटा माझ्या मांडीवर होता, मोठी आजीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती, कितीतरी दिवसांत अशी झोपलेली मी तिला पाहिली नव्हती. कुरुंद्याचा रस्ता जवळ येईपर्यंत धाकटा हातावरच्या चिखलाच्या खपल्या काढत होता. मग एकेक विचारू लागला. मम्मीला दुखलं का? दुखलं, मी म्हणालो, पण शेवटी डॉक्टरनं औषध दिलं, मग नाही दुखलं. तिला जाळलं का? हो. कुठं? तुझ्या पप्पांच्या गावाला. ताई होती का? होती. मी काहून नव्हतो? याला मी म्हणालो, आमचं चुकलं. त्याच्याशी आता मी कशाबद्दलच खोटं बोललो नाही. सोपं गेलं असं नाही, पण जमलं.

मग तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आबा, तो समुद्र बी न्हाई ना?"

"न्हाई. धरन हाये ते."

"मला म्हाईत व्हतं. आजीनं तांब्यात मीठ टाकलं तवा म्या बघितलं."

"मंग खारट हाये म्हनून काहून म्हनलास?"

त्यानं खांदे उडवले. "तुमी समदेच तसं म्हनत व्हते ना."

पुढच्या सीटवर आमच्या घरातली जागी होती. तिची मान हलली नाही, पण बांगड्या वाजल्या. तिनं तोंडात पदर कोंबला होता.

जरा वेळानं त्यानं शेवटचं विचारलं, मी त्याला सारखं पाणी का पाजत होतो. मग मी त्याला आमची रीत सांगितली. फाटा, टपरीचं बाकडं, निरोप, सगळं. माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, आणि मग सांगायचं, म्हणजे तो पडत नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं. "चुलीवर पडला व्हता का खरंच?" असंही विचारलं.

रविवारी सकाळी जावई आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात खाऊची पिशवी, चेहरा रात्रभर न झोपलेला. पोराला सगळं कळलंय, हे आदल्या रात्री मी त्याला फोनवर सांगितलं होतं, पण धाकट्याला त्या फोनचं माहीत नव्हतं. जावयानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. त्यानं काय बोलायचं ते वाटेत घोकून आणलं असावं, कारण ओठ नुसतेच हलत होते आणि तो दारातच उभा होता.

धाकटा आत गेला आणि तांब्या घेऊन आला. दोन्ही हातांनी धरलेला, काठोकाठ भरलेला, पावलागणिक सांडत होता.

"पप्पा, खाली बसा," तो म्हणाला.

"काय झालं रे?"

"बसा ना. आधी पानी प्या. मंग सांगतो."